कंप्युटरवर चालणाऱ्या इंजिनासाठी स्वस्त सेन्सर: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव या भागांतले इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, गॅरेजवाले आणि जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी सेन्सरबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. उदाहरणे बहुतेक पेट्रोल इंजिनाची आहेत, आणि त्यातही मारुती ८०० च्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाची. गोव्यात प्रयोगाला सहज हाती लागणारे इंजिन तेच.

स्वस्त सेन्सर म्हणजे नेमका कोणता?

ज्याची चूक किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि जो गाडीत टिकतो, तो. दहा-वीस रुपयांचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा घटक) तीन तापमानांवर तपासून घेतला असेल, तर तो ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरच्या, कामाचा आहे. महागडा सेन्सर कुठल्या तक्त्याप्रमाणे वाचायचा हेच माहीत नसेल, तर तो कामाचा नाही. मूळ संवेदक घटक बहुतेक वेळा स्वस्तच असतो. खर्च होतो तो बाहेरचे आवरण, कनेक्टर, वायर आणि कॅलिब्रेशनवर, म्हणजे माहीत असलेल्या मापांशी ताडून पाहण्यावर. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर कॅलिब्रेशन स्वतः शिका, कनेक्टरवर मात्र काटकसर करू नका.

इंजिन चालवायला कमीत कमी कोणते सेन्सर लागतात?

क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) कुठे आहे, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) दाब किती आहे, कूलंट किती तापले आहे, आत येणारी हवा किती गरम आहे, थ्रॉटल किती उघडा आहे आणि धुरात ऑक्सिजन किती उरला आहे. या सहा गोष्टी कळल्या की इंधन आणि स्पार्क दोन्ही नीट ठरवता येतात. क्रँकच्या सेन्सरशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. बाकीच्यांपैकी एखादा नसला तरी इंजिन कसेबसे चालते, पण नीट चालत नाही. प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेवर इंधन द्यायचे असेल तर कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सेन्सरही हवा.

तयार सेन्सर मिळतात, मग स्वतः कशाला बनवायचा?

प्रश्न रास्त आहे. कूलंटचा सेन्सर किंवा थ्रॉटलचा सेन्सर लाखोंनी बनतो, त्यामुळे चालू मॉडेलचा स्पेअर पार्ट घरी बनवलेल्यापेक्षा बरेचदा स्वस्तही पडतो आणि चांगलाही असतो. असा पार्ट मिळत असेल तर तो घ्या आणि त्याचा तक्ता स्वतः मोजून काढा. स्वतः बनवण्याची वेळ तीन ठिकाणी येते. जुन्या इंजिनाला बसेल असा पार्टच नसतो. किंवा तयार पार्टची कक्षा तुमच्या कामाशी जुळत नाही. किंवा शिकायचे असते, आणि हे कारण मला बाकी दोन्हींपेक्षा मोठे वाटते. स्वतः सेन्सर बनवून तपासलेला मुलगा पुढे गॅरेजमध्ये स्कॅनरवरचा आकडा पाहून लगेच पार्ट बदलत नाही, आधी वायर आणि अर्थिंगची जोडणी तपासतो. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

कूलंटचा सेन्सर कसा बनवायचा आणि कसा तपासायचा?

एनटीसी थर्मिस्टर घ्या. तापमान वाढले की याचा रोध घटतो. बॉशच्या प्रचलित सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम आणि १०० अंशांना १९० ओहमच्या आसपास असतो. ईसीयू ५ व्होल्टकडून साधारण २,५०० ओहमच्या रोधातून त्याला पुरवठा देतो आणि मधल्या बिंदूचे व्होल्टेज वाचतो. त्यामुळे २० अंशांना अडीच व्होल्ट दिसतात आणि १०० अंशांना जेमतेम ०.३५ व्होल्ट.

थर्मिस्टरचा मणी पितळेच्या बोल्टमध्ये भोक पाडून बसवा. मधली जागा उष्णता वाहून नेणाऱ्या इपॉक्सीने भरा. हवेची पोकळी राहिली तर आकडा उशिरा बदलतो, आणि गाडी तापते आहे हे ईसीयूला उशिरा कळते. तपासायला तीन बिंदू पुरतात: वितळत्या बर्फाचे पाणी म्हणजे ० अंश, उकळते पाणी आणि खोलीचे तापमान. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांची इथे सोय आहे, समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांनाच उकळते. तीन ठिकाणचे रोध मोजून स्टाइनहार्ट-हार्ट समीकरणात घातले की मधला सगळा तक्ता मिळतो. बोल्ट भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो.

पडताळणी आणखी सोपी करता येते. ओबीडी (स्कॅनर जोडून आकडे वाचायची सोय) असलेली गाडी आणि ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ डोंगल हाताशी असेल, तर त्या गाडीच्या कूलंटचा आकडा मोबाईलवर एका अंशाच्या पायरीने दिसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी कूलंट आणि बाहेरची हवा जवळपास सारख्या तापमानाला असतात. त्या वेळी आपला सेन्सर शेजारी ठेवून आकडे जुळवा.

मॅनिफोल्ड दाबासाठी कोणती चिप घ्यावी?

या सेन्सरमागचे भौतिकशास्त्र जुने आहे. ताण दिला की सिलिकॉनचा रोध लक्षणीय बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये बेल लॅबमध्ये दाखवले. आजच्या चिपमध्ये सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला निर्वात पोकळी असते, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डची हवा.

हौशी मंडळींत एमपीएक्स ४२५० फार चालते, कारण मेगास्क्वर्ट या हौशी मंडळींच्या ईसीयूत तीच होती. पण तिची कक्षा २० ते २५० किलोपास्कल आहे, म्हणजे ती टर्बो इंजिनालाही पुरेल अशी आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात दाब बाहेरच्या हवेपेक्षा, म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कलपेक्षा, वर जात नाही. मग निम्म्याहून अधिक कक्षा वाया जाते. एमपीएक्स ४११५ ची कक्षा १५ ते ११५ आहे. ४२५० मध्ये एका किलोपास्कलला २० मिलिव्होल्ट मिळतात, ४११५ मध्ये ४५. अर्डुइनोसारख्या १०-बिट कन्व्हर्टरची (व्होल्टेजचा आकडा बनवणाऱ्या भागाची) एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते. म्हणजे पहिल्या चिपने पाव किलोपास्कलपर्यंत वाचता येते, दुसरीने त्याच्या निम्म्याहून बारीक. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ३० ते ४० किलोपास्कल असतात, आणि तिथेच इंधनाचा हिशेब सर्वांत नाजूक असतो. साध्या इंजिनाला ४११५ घ्या. टर्बो बसवायचा बेत असेल तरच ४२५०.

दोन्ही चिप कोरड्या हवेसाठी बनवल्या आहेत. पेट्रोलची वाफ आणि पाणी पडद्यावरच्या जेलला मानवत नाही. म्हणून चिप मॅनिफोल्डपेक्षा उंच बसवा आणि नळी खाली उतरती ठेवा. नळीत थेंब जमला तरी तो मॅनिफोल्डकडे परत जाईल.

हवामानाच्या प्रकल्पात वापरतात तो बीएमपी २८० चालेल का? तो तर फारच स्वस्त आहे.

मॅनिफोल्डला नाही. त्याची कक्षा ३० किलोपास्कलपासून सुरू होते. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये असली की दाब त्याच्या खाली जातो. शिवाय तो सेकंदाला जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास वाचने देतो. तीन सिलिंडरचे इंजिन ६,००० आरपीएमला असताना मॅनिफोल्डमध्ये सेकंदाला १५० वेळा ओढ बसते, म्हणजे त्याला नीट काहीच दिसणार नाही. बाहेरच्या हवेचा दाब मोजायला मात्र तो उत्तम आहे.

दाबाचा सेन्सर प्रयोगशाळेशिवाय कसा तपासायचा?

पाणी आणि पारदर्शक नळी यांवर भागते. एक मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे ९.८ किलोपास्कल. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून नळी सोडा. तिचे खालचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. वरच्या टोकाला टी-जोड लावून एका बाजूला सेन्सर आणि दुसऱ्या बाजूला मोठी सिरिंज जोडा. सिरिंज ओढली की पाणी नळीत चढते. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळीतल्या पाण्याच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा. तीन मीटर चढले तर सेन्सरवरचा दाब २९.४ किलोपास्कलने कमी झाला आहे. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर व्होल्टेज टिपून आलेख काढा. तो सरळ रेषेत आला पाहिजे. वाकला तर आधी जोडांतली गळती शोधा. पाणी सेन्सरपर्यंत चढू देऊ नका.

सुरुवातीचा बिंदू म्हणून हवामान खात्याचा पणजीचा दाब घ्या. तुम्ही उंचावर असाल तर दर १०० मीटरला साधारण १.१ ते १.२ किलोपास्कल वजा करा. या पद्धतीत उपकरणावर खर्च जवळजवळ नाही आणि मिळणारी अचूकता इंजिनाला पुरेशी आहे. कॉलेजच्या प्रत्येक प्रकल्पात हा आलेख असायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

चोर्ला घाट चढताना इंजिन वेगळे वागते. तो सेन्सरचा दोष आहे का?

बहुधा नाही. समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल असलेली हवा ८०० मीटरवर ९२ च्या आसपास येते. पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमध्ये तेवढीच कमी हवा जाते, ताकद कमी होणारच. मॅनिफोल्ड दाबावर इंधन ठरवणारा ईसीयू बराचसा फरक आपोआप धरतो. फक्त थ्रॉटलच्या कोनावर इंधन ठरवत असाल तर मिश्रण श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधनाचे, होत जाईल, आणि बाहेरच्या दाबाची दुरुस्ती वेगळी करावी लागेल. चावी फिरवली पण इंजिन अजून फिरत नाही, त्या क्षणी मॅनिफोल्डचा सेन्सर बाहेरचाच दाब वाचतो. बरेच ईसीयू तेवढ्यात तो टिपून घेतात. पण साखळीपासून वरपर्यंत न थांबता चढलात तर तो आकडा जुना होतो. तिथे बीएमपी २८० कामी येतो.

क्रँकचा सेन्सर: हॉल घ्यावा की दोन वायरींचा?

बहुतेक प्रकल्प इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर.

क्रँकचा सेन्सर पुलीवर बसवलेल्या दातेरी चाकाचे दाते मोजतो. प्रचलित चाक ६०-२ चे, म्हणजे साठ दात्यांच्या जागा आणि त्यातले दोन दाते गाळलेले चाक. दोन दात्यांत ६ अंश. गाळलेली जागा आली की ईसीयूला क्रँकची स्थिती कळते. ६,००० आरपीएमला सेकंदाला ६,००० दाते समोरून जातात, एकाला सुमारे १६७ मायक्रोसेकंद मिळतात. क्रँकचा एक अंश म्हणजे जेमतेम २८ मायक्रोसेकंद. इथे थोडाही उशीर झाला की स्पार्क सरकतो. चाक पुलीवर लेथमध्ये नीट केंद्रात बसवून घ्या. ते डगमगले तर पुढे कुठलीही चिप ते निस्तरू शकत नाही.

दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्याभोवती कॉइल. तो दणकट असतो, उष्णता सोसतो, त्याला पुरवठा लागत नाही आणि भंगारातही चांगला मिळतो. अडचण अशी की त्याचे व्होल्टेज वेगाबरोबर वाढते. स्टार्टरवर ते व्होल्टच्या काही अंशांइतके असते, वरच्या वेगाला कित्येक व्होल्ट. म्हणून त्याला एलएम १८१५ किंवा मॅक्स ९९२४ सारखी खास चिप लागते. दोन वायरींची दिशाही महत्त्वाची. उलट लागल्या तर इंजिन चालते, पण वेगाबरोबर टायमिंग सरकत जाते. टायमिंग लाइटने (स्पार्कच्या क्षणी चमकणाऱ्या दिव्याने) आयडलला आणि ३,००० ला तपासा. खूण जागची हलली तर आधी वायरी उलटून पाहा.

हॉल सेन्सर म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप. त्याला पुरवठा लागतो, पण तो स्वच्छ चौकोनी पल्स देतो आणि अगदी हळू फिरणारे चाकही ओळखतो. बाजारात सर्वत्र मिळणारी ए ३१४४ मात्र फक्त चुंबक ओळखते, लोखंडी दाता नाही. शिवाय तिचा ई दर्जाचा प्रकार ८५ अंशांपर्यंतचाच असतो, आणि इंजिनाला चिकटून ८५ अंश सहज ओलांडले जातात. लोखंडी दात्यांसाठी आतच चुंबक असलेला गिअर-टूथ सेन्सर घ्या, हनीवेलच्या १जीटी१०१डीसी सारखा.

जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) आहे आणि पहिल्यांदाच काम करता आहात, तर माझा सल्ला: पुलीवर दातेरी चाक, समोर गिअर-टूथ हॉल, आणि दात्यापासूनचे अंतर फीलर गेजने मोजून ठेवलेले.

थ्रॉटलचा सेन्सर?

साधा पोटेन्शियोमीटर झिजतो, आणि जिथे गाडी सर्वाधिक काळ चालते तिथेच आधी झिजतो. एएस ५६०० ही चुंबकाचा कोन १२ बिटांत मोजणारी चिप स्वस्त आहे आणि तिला स्पर्श लागत नाही. थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकाला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला गोल चुंबक बरोबर मध्यावर चिकटवला की झाले.

लॅम्डा सेन्सर घरी बनवता येईल का?

नाही, आणि प्रयत्नही करू नका. लॅम्डा म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. झिर्कोनियाच्या सिरॅमिकवर प्लॅटिनमचे थर, आणि ३०० अंशांच्या वर गेल्यावरच सुरू होणारे काम. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत आणला, आणि आजही हे काम मोजक्या कंपन्यांनाच जमते. साधा सेन्सर मिश्रण श्रीमंत की गरीब एवढेच सांगतो, ०.४५ व्होल्टच्या वर किंवा खाली. ट्यूनिंग करायचे तर वाइडबँड, म्हणजे किती श्रीमंत किंवा किती गरीब तेही सांगणारा सेन्सर, लागतो. तो महाग आहे, पण दोन-तीन गटांनी मिळून एक घेतला तरी पुरतो, कारण ट्यूनिंग झाल्यावर तो काढून ठेवता येतो.

टिकवायचा कसा ते मात्र शिका. इंजिन सुरू होण्याआधी सेन्सरमधला हीटर पूर्ण ताकदीने चालवू नका, सायलेन्सरच्या पाइपात साचलेल्या पाण्याचा थेंब तापल्या सिरॅमिकवर पडला की ते तडकते. पावसाळ्यात हे फार होते. सेन्सर वरच्या बाजूने तिरका बसवा. आणि इंजिनावर साधे सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याची वाफ सेन्सर मारते. सेन्सरला चालेल असे लिहिलेले सीलंट वेगळे मिळते.

ई२० पेट्रोलने आकडे बदलतात का?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. त्याने लॅम्डा (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचे आदर्श गुणोत्तर) बदलत नाही, हवा-इंधनाचे आदर्श गुणोत्तर बदलते. शुद्ध पेट्रोलला १४.७, इथेनॉलला ९, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते. वाइडबँडचा गेज १४.७ च्या पट्टीवर दाखवत असेल तर गोंधळ होतो. गेज लॅम्डावर ठेवा आणि १ हे लक्ष्य धरा.

नॉकिंग ओळखायला बझरची पिएझो चकती चालेल?

प्रयोगाला चालते. नॉकिंग म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी आपोआप पेटून होणारी ठकठक. तिची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर ठरते. ६८.५ मिलिमीटर व्यासाला ती ८ किलोहर्ट्झच्या थोडी वर येते. तेवढाच पट्टा गाळून घ्या आणि स्पार्कनंतरच्या थोड्या अंशांतच ऐका, नाहीतर व्हॉल्व्ह बसण्याचा आवाजही नॉकिंग वाटेल. पण या चकतीवर भरवसा ठेवून स्पार्क पुढे नेऊ नका. खरा सेन्सर घ्या आणि तो ब्लॉकवर टॉर्क रेंचने, बहुधा २० न्यूटन-मीटरला, आवळा. त्याचे उत्तर आवळण्यावर अवलंबून असते.

खारी हवा आणि पावसाळा यांत सेन्सर किती टिकतो?

गोव्यात सेन्सरचा घटक क्वचित मरतो. मरतो कनेक्टर. किनाऱ्यालगतच्या गाडीत पिनेवर हिरवट थर चढतो, त्याचा रोध थर्मिस्टरच्या रोधात मिळतो आणि इंजिन आहे त्यापेक्षा थंड दिसू लागते. मग ईसीयू जादा पेट्रोल देतो, ॲव्हरेज पडते, आणि गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ केले जातात. खरे काम पिन साफ करण्याचे होते.

रबरी सील असलेले कनेक्टरच वापरा. वायर पिनेत क्रिंप करा. नुसती सोल्डर केलेली जागा हादऱ्याने तिच्या कडेपाशी तुटते. आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी घ्या, सर्किट बोर्डावर कोटिंग मारा. वायर कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून पडते. तपासणीसाठी कारखान्यांत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंशांना मारतात. तेच प्रमाण स्प्रेच्या बाटलीत घेऊन रोज फवारा, आणि सेन्सर चालू ठेवून आकडे लिहीत राहा. सत्तरीतल्या गाडीला मिठाचा त्रास कमी, पण ओल तिथेही आहेच.

इंजिन बंद असताना आकडा स्थिर, सुरू केले की नाचतो. का?

कारण अर्थिंग. सेन्सरची अर्थ-वायर बॉडीला लावू नका, थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थला न्या. इंजेक्टर आणि कॉइल यांचा करंट त्याच वायरीतून परतला तर प्रत्येक स्पार्कला आकडा उडी मारतो. क्रँकची वायर शील्डवाली घ्या, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा, आणि ती प्लगच्या वायरींपासून लांब न्या. मॅनिफोल्ड दाबाला १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर पुरे. सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही एकाच ५ व्होल्टवर चालवा, म्हणजे पुरवठा थोडा पडला तरी आकडा बरोबर राहतो. पुरवठ्याच्या तोंडाशी टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी शोषणारा भाग) हवाच. चालू गाडीत बॅटरीची वायर सुटली की अल्टरनेटर क्षणभर कित्येक पट व्होल्टेज सोडतो.

रस्त्यावरच्या गाडीत बसवू का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. म्हणून घरचा सेन्सर आणि घरचा ईसीयू टेस्ट-बेंचवर, कॉलेजच्या इंजिनावर किंवा सुप्रासारख्या विद्यार्थी स्पर्धेच्या गाडीवर चालवा. रस्त्यावरच्या गाडीत तिचे मूळ सेन्सर हात न लावता राहू द्या, शेजारी आपला लावून नुसती नोंद घ्या. शिकायला तेवढे पुरते. प्रत्येक सेन्सर तुटला तर काय करायचे हे मात्र बेंचवरच्या ईसीयूतही लिहून ठेवा. थर्मिस्टरची वायर तुटली की ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूला वाटते इंजिन गोठले आहे. अशा वेळी ठरलेले तापमान धरावे आणि पंखा चालू करावा.

कोणता ईसीयू घ्यावा?

शिकायला स्पीडुइनो, तो अर्डुइनो मेगा २५६० वर चालतो आणि सगळे खुले आहे. जास्त वेग आणि बारकावे हवे असतील तर एसटीएम ३२ वरचा रुसईएफआय. त्या मायक्रोकंट्रोलरचा कन्व्हर्टर ३.३ व्होल्टचा असतो, म्हणून ५ व्होल्टचा सेन्सर थेट त्याच्या पिनेला जोडू नका. बोर्डावर व्होल्टेज कमी करणारा विभाजक आहे का ते आधी पाहा.

हेच डिझेलला चालेल?

तापमानाचे चालेल. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीच्या) दाबाला हात लावू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो आणि गळती झाली तर इंधनाची धार कातडीतून आत शिरते.

अडचण विचारताना काय काय सांगावे?

सेन्सरचा नंबर, पुरवठ्याचे मोजलेले व्होल्टेज, इंजिन बंद आणि चालू असतानाचे आकडे, सेन्सर-अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांतला फरक मिलिव्होल्टमध्ये, आणि कॅलिब्रेशनचा तक्ता. वायरिंगचा हाताने काढलेला आराखडा चालेल. क्रँकबद्दल विचारत असाल तर ऑसिलोस्कोपचा फोटो हवा, स्टार्टर फिरतानाचा एक आणि आयडलचा एक.